‘चाळीस वर्षं अजिंक्य’: भुजबळांवरच्या त्या पोस्टमध्ये काय काय चुकलंय

गेल्या पंधरा दिवसांत एकच पोस्ट मला तीन ग्रुपांवर आली. एकदा वर्गमित्रांच्या, एकदा नातेवाइकांच्या आणि एकदा सोसायटीच्या, जिथे एरवी पाण्याच्या टँकरशिवाय दुसरा विषय नसतो. पोस्टचा मजकूर थोडक्यात असा: छगन भुजबळ हे येवल्याचे सुपुत्र. १९८५ मध्ये धनुष्यबाणावर पहिल्यांदा आमदार झाले. तेव्हापासून सलग चाळीस वर्षं आमदार, एकही निवडणूक हरले नाहीत. १९९१ ला शिवसेना सोडून राष्ट्रवादीत गेले, २००९ ला नाशिकचे खासदार झाले आणि पुढे तर तुरुंगातूनही निवडून आले. खाली हात जोडलेले आणि वाघाचं चित्र.

त्याला उत्तर म्हणून विरोधकांचीही एक पोस्ट फिरतेय. ती म्हणते, भुजबळ म्हणजे मुंबईचं पार्सल, नाशिकशी संबंध शून्य, येवला मतदारसंघ त्यांच्यासाठी कापून तयार केला, आणि २०१४ ला लोकसभेत खुद्द येवलेकरांनीच त्यांना पाडलं.

मी त्यांचा कार्यकर्ता नाही आणि विरोधकही नाही. मत नाशिक मध्यमध्ये देतो, त्यामुळे विधानसभेला त्यांचं नाव माझ्या यंत्रावर कधी आलंच नाही. पण दोन्ही पोस्टी वाचून डोकं भणभणलं, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘येवल्याचे सुपुत्र’ आणि ‘मुंबईचं पार्सल’ हे दोन्ही एकदमच निकालात काढू, कारण दोन्ही चूक. त्यांचा जन्म नाशिकचा, १५ ऑक्टोबर १९४७. आईवडील लहानपणीच गेले आणि पोरगा मुंबईत माझगावला वाढला. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकली, व्हीजेटीआयमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, शिवसेनेत गेले आणि १९७३ मध्ये मुंबई महापालिकेत नगरसेवक झाले. म्हणजे जन्म नाशिकचा, घडण मुंबईची. येवला यात कुठेच नाही, ते आलं वयाच्या छप्पन्नाव्या वर्षानंतर. आणि ‘बाहेरचा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं आठवावं, की कराडच्या यशवंतराव चव्हाणांना याच नाशिकने १९६३ च्या पोटनिवडणुकीत बिनविरोध लोकसभेत पाठवलं होतं. तेव्हा कुणी पार्सल म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आता धनुष्यबाण. हे वाचून मला हसूच आलं, कारण इथे पोस्ट लिहिणाऱ्याने चांगली गोष्ट हातची घालवली. १९८५ मध्ये माझगावमधून भुजबळ निवडून आले ते मशाल या चिन्हावर. धनुष्यबाण शिवसेनेला कायमचं चिन्ह म्हणून मिळालं १९८९ मध्ये. त्याआधी सेनेचे उमेदवार त्या त्या वेळी जे हाती पडेल ते चिन्ह घेऊन लढत. त्या विधानसभेत शिवसेनेचा एकुलता एक आमदार म्हणजे भुजबळ, आणि त्याच वर्षी ते मुंबईचे महापौरही झाले. २०२२ मध्ये उद्धव ठाकरेंच्या गटाला मशाल मिळाली, तेव्हा ही जुनी निवडणूक पुन्हा चर्चेत आली होती. एका माणसाचा विधिमंडळ पक्ष, नेता तोच, मागचा बाकही तोच! १९८६ च्या सीमा आंदोलनात वेषांतर करून बेळगावात शिरल्याची गोष्टही याच काळातली.

१९९१ चं पाऊल राष्ट्रवादीत पडलं, हे तर दिनदर्शिका न बघता लिहिलेलं वाक्य. राष्ट्रवादी काँग्रेसचा जन्मच १९९९ चा. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूर अधिवेशनात भुजबळांनी शिवसेना सोडली आणि ते काँग्रेसमध्ये गेले. सुधाकरराव नाईकांच्या मंत्रिमंडळात मंत्रीही झाले. पक्ष सोडून आमदारकी टिकली कशी, असं आजच्या तरुण पोरांना वाटतं. त्याचं उत्तर तेव्हाच्या कायद्यात आहे. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा एकट्यादुकट्याला पकडायचा, पण विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर त्याला ‘फूट’ मानून सोडून द्यायचा. १९९० मध्ये सेनेचे ५२ आमदार होते, त्यामुळे तेव्हा सगळी धावपळ अठरा या आकड्याभोवती चालली होती. ही फुटीची सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकली.

आता पोस्टचा कणा: एकही निवडणूक हरले नाहीत.

१९९५. माझगाव. समोर शिवसेनेचे बाळा नांदगावकर. भुजबळ हरले.

एवढी मोठी गोष्ट पोस्टमधून गळते कशी, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं, कारण त्या रात्री मुंबईतल्या निकालांपैकी सगळ्यात गाजलेला निकाल तो होता. मंत्रिपदावरचा माणूस, दोनदा महापौर झालेला, स्वतःच्या बालेकिल्ल्यात, एका तरुण शिवसैनिकाकडून पडला. राज्यात युतीचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. माझ्या मते भुजबळांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीची किल्ली या पराभवात आहे. माझगाव गेलं नसतं तर येवला आलंच नसतं. पोस्टवाला नेमकं तेच पान फाडतो आणि मग उरलेल्या पानांचा अर्थ लागेनासा होतो.

‘सलग चाळीस वर्षं आमदार’ हा घोळ मात्र थोडा समजून घेण्यासारखा आहे, कारण तो आपल्या भाषेत आहे. आपण विधानसभेच्या सदस्यालाही आमदार म्हणतो आणि विधानपरिषदेच्याही. एक लोकांच्या मतांनी निवडून येतो, दुसरा आमदारांच्या, पदवीधरांच्या, शिक्षकांच्या किंवा स्थानिक संस्थांच्या मतांनी, नाहीतर राज्यपालनियुक्त म्हणून. गाडीवरचा लाल अक्षरांतला शब्द दोघांचा सारखाच. १९९५ च्या पराभवानंतर भुजबळ विधानपरिषदेत गेले आणि तिथे विरोधी पक्षनेते झाले. १९९९ मध्ये ते राष्ट्रवादीचे पहिले प्रदेशाध्यक्ष झाले आणि ऑक्टोबरमध्ये उपमुख्यमंत्रीही, तेसुद्धा विधानपरिषदेचे आमदार म्हणूनच. ‘येवल्याचा आमदार उपमुख्यमंत्री झाला’ हे वाक्य १९९९ ला लागू नाही. ते लागू होतं ते डिसेंबर २००८ ला. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटलांनी राजीनामा दिला आणि भुजबळ दुसऱ्यांदा उपमुख्यमंत्री झाले, तेव्हा. १९९५ ते २००४ या काळात विधानसभेत ते नव्हतेच.

येवल्यातून ते पहिल्यांदा उभे राहिले २००४ मध्ये. तिथे शिवसेनेचे कल्याणराव पाटील आमदार होते, त्यांना हरवलं. विरोधकांच्या पोस्टमधली ‘मतदारसंघ कापून दिला’ ही थाप इथेच पडते. मतदारसंघांची फेररचना लागू झाली ती २००९ च्या निवडणुकीपासून. २००४ ला ते जुन्याच नकाशावर जिंकले. त्यानंतर २००९, २०१४, २०१९, २०२४, असे येवल्यातून एकूण पाच विजय. माझगावचे दोन धरून विधानसभेचे सात. हा आकडा कुणाच्याही नावापुढे भारदस्त दिसतो. त्यासाठी ‘अजिंक्य’ची झालर लावायची गरज नव्हती.

खासदारकीचा मुद्दा तर निव्वळ आडनावाचा गोंधळ. २००९ ला नाशिकचे खासदार झाले ते समीर भुजबळ, म्हणजे पुतणे. मनसेच्या हेमंत गोडसेंना त्यांनी हरवलं होतं. त्याच वर्षी नांदगावमधून आमदार झाले ते पंकज भुजबळ, म्हणजे मुलगा. पुढे २०१९ ला नांदगावात पंकज यांना सुहास कांदेंनी हरवलं, त्याच वर्षी लोकसभेला समीर हे गोडसेंकडून हरले, आणि २०२४ ला नांदगावातून अपक्ष उभे राहिलेल्या समीर यांनाही कांदेंनीच पाडलं. एकाच घरातल्या तिघांच्या जयपराजयांची भेळ करून ती एकाच्या ताटात वाढली, की अशा पोस्टी तयार होतात. छगन भुजबळ लोकसभेत कधी गेलेलेच नाहीत.

प्रयत्न केला होता, २०१४ ला. आणि इथे दोन्ही पोस्टी एकाच खड्ड्यात पडतात. पहिली हा पराभव लपवते, दुसरी तो येवलेकरांच्या नावावर टाकते. आकडे स्पष्ट आहेत: तोवर शिवसेनेत आलेल्या हेमंत गोडसेंना ४ लाख ९४ हजारांवर मतं, भुजबळांना ३ लाख ७ हजारांवर. फरक १ लाख ८७ हजारांचा. त्या दिवशी मी स्वतः शाळेतल्या केंद्रावर रांगेत होतो, एप्रिलचं ऊन, पुढचे आजोबा छत्री घेऊन आलेले. यंत्रावर भुजबळांचं नाव मी पाहिलंय. माझ्या मामांनी मात्र पाहिलं नाही, आणि ते राहतात येवल्यात.

मामांना परवा फोन करून ही दुसरी पोस्ट वाचून दाखवली. ते आधी खोकले, मग म्हणाले, “अरे भाच्या, लोकसभेला आम्ही दिंडोरीत. आमच्या यंत्रावर भुजबळ आलेच नाहीत तर पाडणार कुठून? पोस्ट लिहिणाऱ्याला म्हणावं, एकदा येवल्याला ये, पैठणी बघ आणि मतदारसंघाचा नकाशाही बघ.”

मामा बरोबर आहेत. नाशिक लोकसभेत येतात सिन्नर, इगतपुरी, देवळाली आणि शहराचे तीन: पूर्व, मध्य, पश्चिम. येवला, नांदगाव, चांदवड, निफाड, कळवण आणि दिंडोरी हे सहा मिळून दिंडोरी लोकसभा, आणि ती अनुसूचित जमातीसाठी राखीव, त्यामुळे भुजबळ तिथे उभे राहूच शकत नव्हते. म्हणजे २०१४ ला ज्यांनी त्यांना नाकारलं ते आम्ही, नाशिककर. येवलेकरांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेला ४६ हजारांच्या फरकाने निवडून दिलं. मतदानाचा दिवस १५ ऑक्टोबर, त्यांचा वाढदिवसच होता!

राहिला तुरुंग. अटक मार्च २०१६ ची, जामीन मे २०१८ चा. विधानसभेच्या निवडणुका ऑक्टोबर २०१४ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये झाल्या. दोन्ही वेळी ते बाहेर होते. कोठडीत असलेला माणूस कायद्याने निवडणूक लढवू शकतो, त्यामुळे दावा अशक्य नव्हता, फक्त खरा नाही. हा घोळ कुठून आला असावा याचा माझा एक अंदाज आहे. जुलै २०१७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत मतदानासाठी न्यायालयाच्या परवानगीने त्यांना तुरुंगातून विधान भवनात आणलं होतं. पांढऱ्या दाढीतले ते फोटो सगळीकडे झळकले. ‘तुरुंगातून मतदान’चं ‘तुरुंगातून निवडून’ व्हायला आपल्याकडे कितीसा वेळ लागतो? उलट बाजूने काही जण ‘शिक्षा भोगून आले’ असं लिहितात, तेही चूक. तो खटल्याआधीचा कारावास होता. महाराष्ट्र सदनाच्या प्रकरणात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या खटल्यातून विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांना दोषमुक्त केलं.

तुरुंगातून आल्यावर झालेल्या २०१९ च्या निवडणुकीत येवल्यातलं मताधिक्य वाढून साडेछप्पन्न हजारांवर गेलं. आणि २०२४ मध्ये, जुलै २०२३ ला अजित पवारांसोबत गेल्यानंतर आणि मराठा आरक्षणाच्या वादात त्यांनी उघड ओबीसींची बाजू घेतल्यानंतर, ते सव्वीस हजारांवर आलं. समोर शरद पवार गटाचे माणिकराव शिंदे होते, हेच २००९ मध्ये शिवसेनेकडून त्यांच्याविरुद्ध लढले होते. जिंकले, पण निम्म्याहून कमी फरकाने. त्याआधी एप्रिलमध्ये नाशिक लोकसभेच्या शर्यतीतून त्यांनी स्वतःच माघार जाहीर केली होती. तिथे मग गोडसे लढले आणि राजाभाऊ वाजेंकडून हरले.

यातलं कुणालाही तपासता येतं. निवडणूक आयोगाचे जुने निकाल मतदारसंघागणिक उपलब्ध आहेत. २००२ नंतरच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं, म्हणजे नमुना २६, शिक्षण, मालमत्ता आणि खटल्यांसकट पाहायला मिळतात. माझगावच्या काळात ती पद्धतच नव्हती, त्यामुळे तिथे निकालाच्या तक्त्यावर भागवावं लागतं. मला हे सगळं जुळवायला एक रविवार लागला, त्यातली दुपार तर झोपेत गेली.

सोसायटीच्या ग्रुपवर पोस्ट टाकणाऱ्या काकांना मी इतकंच लिहिलं: “काका, १९९५ चं माझगाव आणि २०१४ चं नाशिक एकदा बघा.” त्यांनी लगेच अंगठा दाखवला. संध्याकाळी तीच पोस्ट त्यांच्याकडून पुन्हा आली. फक्त ‘चाळीस’चं ‘पंचेचाळीस’ झालं होतं.