लिफ्ट बंद, तंतुकणिका चालू

‘लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ हा कागद आमच्या सोसायटीत आता इतका जुना झालाय की त्याच्यावर कुणीतरी घरगुती मोदकांची जाहिरात चिकटवली आहे. आम्ही राहतो सातव्या मजल्यावर. चक्की रस्त्याच्या पलीकडे. त्यामुळे रविवारी सकाळी माझ्या खांद्यावर दहा किलो गव्हाच्या पिठाचा डबा होता आणि मागे कन्या होती. तिची दहावी, चाचणीत पेशीश्वसन, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढतात ते, आणि मोठ्याने म्हटल्याशिवाय तिच्या काही लक्षात राहत नाही.

“बाबा, पीठ म्हणजे स्टार्च. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या माळा. तू खांद्यावर जे नेतोयस ना, तेच तुझ्या पायांना हवंय.”

पहिला मजला मी रुबाबात चढलो. तो रुबाबही माझा नव्हता म्हणे. स्नायूत आधीपासून साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट असतं, ते जोर लावला की जेमतेम दहाएक सेकंद पुरतं. ते 1927 मध्ये जगापुढे आणलं भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्या जोडीने. दोनच वर्षांनी या जोडीने स्नायूतलं एटीपीही, म्हणजे पेशी ज्यात ऊर्जा मोजते आणि खर्च करते ते चलन, शोधून काढलं. सुब्बारावांना नोबेल मिळालं नाही. मला फार वाईट वाटलं. थांबायला निमित्त मिळत होतं, म्हणून जरा जास्तच वाटलं.

दुसऱ्या मजल्यापासून ग्लुकोज-विघटन. पेशीद्रव्यात दहा पायऱ्यांत हे काम चालतं. (दहाच! आमच्याकडे एका मजल्याला अठरा आहेत.) सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन पायरुव्हेट होतात. पण त्यासाठी पेशी आधी पदरचे दोन एटीपी घालते आणि नंतर चार मिळवते. आधी पैसे भरा, मग बघू, हे ऐकल्यावर मला आमचा लिफ्ट फंड आठवला. पेशीत मात्र भरलेल्याचे दुप्पट परत येतात, आणि तेही सर्वसाधारण सभा न बोलावता.

तिसऱ्या मजल्यावर मांड्या पेटल्या. ऑक्सिजन मागणीला पुरेना झाला की पायरुव्हेटचं लॅक्टेट (म्हणजे लॅक्टिक आम्लच जवळजवळ) व्हायला लागतं. काम भागतं, पण एका ग्लुकोजमागे हातात पडतात निव्वळ दोन एटीपी. “लांब श्वास घे, बाबा. तंतुकणिकेत गेलं की खरी कमाई आहे.”

तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं वीजघर. तिथे क्रेब चक्र आहे, पायरुव्हेटपासून पुढची ऊर्जा काढणारी अभिक्रियांची फेरी. हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये त्यावरचं टिपण ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेकडे पाठवलं, तर ‘सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं आमच्याकडे पडून आहेत’ अशा अर्थाचं उत्तर आलं. ते दुसरीकडे छापलं गेलं आणि 1953 मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. सात-आठ आठवडे हा आकडा मला ओळखीचा वाटला. लिफ्टवाला स्पेअर पार्टसाठी हीच मुदत सांगतो.

या चक्राच्या फेऱ्यांत ग्लुकोजचे उरलेसुरले कार्बनही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. पाचव्या मजल्यावर मी जो भाता चालवत होतो, त्यातून खाल्लेली पोळीच हवेत जात होती. शेजारच्या काकूंनी दार उघडून “पाणी देऊ का?” विचारलं. मान डोलावण्यापुरतंही एटीपी शिल्लक नव्हतं.

तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर तर खरोखरची फिरती यंत्रं बसवलेली असतात. एटीपी सिंथेज नावाचं हे यंत्र सेकंदाला शंभराहून जास्त गरके मारू शकतं आणि एटीपी घडवत राहतं. पुस्तकात एका ग्लुकोजचे 38 एटीपी लिहिलेत, अलीकडचा हिशेब 30 ते 32 चा आहे, कारण गळती आणि नेआणीचा खर्च आधी धरलाच नव्हता. आमच्या खजिनदारांनी नोंद घ्यावी, छापलेला हिशेबही दुरुस्त करता येतो.

“लाल रक्तपेशीत मात्र तंतुकणिका नसतात,” सहाव्या मजल्यावर कन्या म्हणाली. “आयुष्यभर ऑक्सिजन वाहायचा, स्वतः त्यातला वापरायचा नाही.” मी डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी पाय इतके आखडले की मी लॅक्टिक आम्लाला मनसोक्त शिव्या दिल्या. तिने तेही काढून घेतलं. लॅक्टेट तासाभरात निपटतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांचं, आणि त्या चढताना कमी, उतरताना जास्त होतात. म्हणजे दोष खाली जाण्याचा आहे. हे मी बायकोला रीतसर समजावलं, शास्त्रीय कारणासाठी आपण काही दिवस खाली न उतरलेलं बरं, असंही सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचा शास्त्राला विरोध नव्हता, फक्त ज्वारीचा डबा तिने आधीच दारात काढून ठेवला होता.