रीमॅपनंतर ॲव्हरेज का पडलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आधीच्या लेखात मी म्हटलं होतं की नीट केलेल्या रीमॅपने, म्हणजे ट्यूनरकडून इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम (मॅप) बदलून पॉवर वाढवण्याने, हायवेवरच्या एकसारख्या वेगात पेट्रोलचा खप जवळजवळ बदलत नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत, "हे ट्यूनरचं विक्रीचं बोलणं आहे. पॉवर वाढली की पेट्रोल जास्त लागणारच. माझी पोलो जीटी टीएसआय मुंबई-कोल्हापूरला १५ द्यायची, रीमॅपनंतर ११.५ वर आली. वर एमआयडी (डॅशबोर्डवरचा डिस्प्ले) १३ दाखवतो." बाकी तपशील तुम्हीच दिलेत: १८५/६० च्या जागी १९५/६० आर१५ टायर, बाहेरच्या कंपनीचा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), वेग 'बहुतेक ११० ते १२०', आणि हिशेब एकदाच टाकी भरून काढलेला.

११.५ चा आकडा मी धरून चालतो. त्याचं खापर रीमॅपवर फोडणं मात्र मला पटत नाही.

गाडीला किती पेट्रोल लागेल हे त्या क्षणी चाकांना किती ताकद लागते यावर ठरतं, इंजिन जास्तीत जास्त किती देऊ शकतं यावर नाही. चार माणसं आणि सामान धरून दीड टनाची हॅचबॅक सपाट रस्त्यावर १०० ने जाते, तेव्हा हवेचा आणि टायरचा विरोध मोडायला साधारण १७ अश्वशक्ती पुरते. मूळ १०५ ची पोलो असो, रीमॅपने १३५-१४० ला गेलेली असो, लागणार १७च. स्टेज २ करून (रीमॅपसोबत पार्टही बदलून) ३०० च्या घरात नेलेल्या ऑक्टेव्हिया आरएसलाही या वेगाला फार वेगळा आकडा लागत नाही. थ्रॉटल अर्धवट मिटलेलं असतं, टर्बोचा बूस्ट (इंजिनात जादा हवा कोंबणारा दाब) नसल्यातच जमा असतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघत हवा-पेट्रोलचं मिश्रण लॅम्डा १ वर (नेमक्या प्रमाणात; एकच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) धरून ठेवतो. चांगला ट्यूनर मॅपच्या या भागाला हातच लावत नाही.

आता वेग १२० करा. लागणारी ताकद १७ वरून २६ च्या आसपास जाते. दर किलोमीटरचा विरोध सव्वापटीहून थोडा जास्त होतो. जास्त लोडला इंजिन जरा कार्यक्षम चालतं म्हणून खप तेवढा वाढत नाही, पण २० टक्के धरून चला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला १०० ची मर्यादा आहे, १२० चा प्रश्न खरं तर समृद्धीवरच यावा. रीमॅपनंतर गाडी १२० ला इतकी सहज जाते की काटा कुठे आहे ते कळत नाही, आणि पेट्रोल तिथे जातं.

दुसरी जागा ओव्हरटेकची, आणि पुणे-कोल्हापूर पट्ट्यात हीच सगळ्यात मोठी. दीड टनाची गाडी ८० वरून १२० वर नेताना तिच्यात जी गतीची ऊर्जा भरावी लागते, तिला साधारण ५० मिली पेट्रोल लागतं. ट्रक मागे टाकलात, पुढे दुसरा ट्रक उजव्या लेनमध्ये, ब्रेक मारून परत ८०: ते ५० मिली ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन गेलं. असे साठ प्रसंग झाले की तीन लिटर. ही ऊर्जा मूळ गाडीलाही तेवढीच लागते, पण मूळ गाडीत माणूस थोडा थांबतो, जागा होऊ देतो. रीमॅप केलेल्या गाडीत थांबत नाही.

इथे तुमचं म्हणणं अंशतः खरं आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू टर्बो आणि कॅटॅलिस्ट (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) थंड ठेवण्यासाठी मुद्दाम जास्त पेट्रोल ओततो, लॅम्डा ०.८५ किंवा त्याच्याही खाली जातो. रीमॅपमध्ये बूस्ट जास्त असल्याने ही अवस्था लवकर येते आणि जास्त खोल जाते. त्या काही सेकंदांत १५ ते २० टक्के पेट्रोल खरोखर वाया जातं. रीमॅपने ॲव्हरेज वाढतं असं सांगणारे ट्यूनर आहेत, त्यांच्याबाबत तुमचा राग योग्य आहे.

घाटाचा हिशेब बहुतेक लोक विसरतात. खोपोलीहून लोणावळ्याला गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते. दीड टन वजन तेवढं उचलायला, इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर, जवळपास ०.८५ लिटर पेट्रोल लागतं, मॅप कोणताही असो. कोल्हापूरही जवळपास त्याच उंचीवर आहे, म्हणजे मुंबईहून जाताना हे पेट्रोल परत मिळत नाही, मुंबईला येताना मिळतं. तुमचे १५ येतानाचे आणि ११.५ जातानाचे असतील तर ती तुलनाच चुकीची. जाऊन-येऊन मिळून काढलेला आकडाच ग्राह्य धरा.

उतारावरची एक गोष्ट तपासा. मूळ मॅपमध्ये गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, खप शून्य. तुमच्या रीमॅपच्या फाइलमध्ये 'पॉप्स अँड बँग्स' (एक्झॉस्टमधून मुद्दाम काढलेले फटाक्यांसारखे आवाज) टाकले असतील तर नेमक्या याच वेळी पेट्रोल सोडून ते एक्झॉस्टमध्ये पेटवलं जातं. खंबाटकी उतरताना फटफट आवाज येत असेल तर तो पेट्रोल जाळल्याचा आवाज आहे. ते काढून टाका. कॅटॅलिस्टचाही जीव वाचेल.

टायरबद्दल. १८५/६० आर१५ चा व्यास सुमारे ६०३ मिमी, १९५/६० चा ६१५. चाक दोन टक्के मोठं झालं, त्यामुळे ओडोमीटर दोन टक्के कमी किलोमीटर मोजतो. तुमचे ११.५ प्रत्यक्षात ११.७ आहेत. याशिवाय १५ चा आकडा ई१० (१० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलच्या दिवसांतला असेल तर ई२० (२० टक्के इथेनॉल) मध्ये दर लिटरमागे ऊर्जाच साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी आहे. त्याला ट्यूनर काय करणार?

३७५ किलोमीटरला १५ च्या दराने २५ लिटर, ११.५ च्या दराने ३२.६ लिटर. फरक साडेसात लिटरचा. त्यात ओव्हरटेकचे अडीच-तीन, निम्मं अंतर ११०-१२० ने गेलात तर दोनेक, चढाचं पाऊण-एक, ई२० चं तेवढंच, टायरचं अर्धा. रीमॅपला दोष द्यायला फार काही उरत नाही.

तरीही तुमच्या गाडीत बिघाड नाही असं मी म्हणणार नाही, कारण डाउनपाइप बदललेला आहे. त्याचा पुढचा जोड, म्हणजे पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधीचा, जरा जरी गळत असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो. गाडी अजिबात अडखळत नाही, फक्त पेट्रोल पिते. गार इंजिन सुरू करून जोडाजवळ टिकटिक ऐका, गॅस्केटभोवती काजळीची रेघ दिसते का पाहा. प्लगचंही तसंच. वाढलेल्या बूस्टला गॅप मोठा पडला तर ठिणगी विझते, न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर पुन्हा फसतो. ०.८ मिमीचा गॅप ०.७ केला की बहुतेकदा भागतं. थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन हायवेवरही ७० अंशांवरच राहत असेल तर थंड इंजिनाचं जादा पेट्रोल चालूच राहतं. जॅकवर चाक हाताने फिरवून ब्रेक धरतोय का तेही बघून घ्या. (आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर तो परत बसवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते बसत नाही, आणि स्टेज १ ला, म्हणजे नुसत्या रीमॅपला, तो काढायची गरजही नाही.)

ऑक्टेनबद्दल थोडक्यात. फाइल जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी असेल आणि वाटेत साधं पेट्रोल भरलं, तर सपाटीवर फरक जाणवणार नाही. चढावर मात्र नॉकिंगमुळे (पेट्रोल आपोआप, अनियंत्रित पेटण्यामुळे) ठिणगीचं टायमिंग मागे जातं आणि त्याच कामाला जास्त पेट्रोल लागतं. लांबच्या प्रवासाला साध्या पेट्रोलची वेगळी फाइल मागून घ्या.

एमआयडी १३ आणि पंप ११.५ हा फरक मला फारसा विचित्र वाटत नाही. एमआयडी इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून अंदाज बांधतो. रेल प्रेशर (इंजेक्टरकडे येणाऱ्या पेट्रोलचा दाब) बदललं की तो अंदाज ढळतो. शिवाय एका भरण्यात नोझल लवकर-उशिरा कट होऊन लिटरभराची चूक सहज होते. ३० लिटरला ती तीन टक्के, १० लिटरला दहा टक्के. म्हणून सलग तीन टाक्या मोजा. पंप तोच, शक्यतो नोझल तेच, गाडी सपाट जागी, पहिल्या कटला थांबायचं. पंपवाल्याला राउंड फिगर करू देऊ नका. कटनंतर दाबून भरलेलं पेट्रोल चारकोल कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ शोषणाऱ्या डब्यात) जातं आणि तो खराब होतो.

तुमचा आक्षेप पूर्ण लागू पडतो अशाही गाड्या आहेत. मोठ्या टर्बोसाठी कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन टाकलेलं इंजिन, जास्त ओव्हरलॅपचे कॅम, रुंद चिकट टायर, मोठा मागचा विंग: यांचा खप १०० च्या एकसारख्या वेगातही वाढतो, कारण तिथे एकतर कार्यक्षमता घटलेली असते किंवा विरोध वाढलेला असतो. तुमची पोलो त्यात बसत नाही.

सपाट रस्त्यावर डी मध्ये, क्रूझ लावून १०० वर दहा मिनिटं जा आणि ओबीडीवर (गाडीच्या निदान सॉकेटला जोडलेल्या रीडरवर) लॅम्डा, शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा), कूलंटचं तापमान नोंदवा. लॅम्डा ०.९८ ते १.०२, ट्रिम पाच टक्क्यांच्या आत, कूलंट ९० च्या आसपास असेल तर गाडी निरोगी आहे. ट्रिम अधिक दहाच्या वर असेल तर आधी तो डाउनपाइपचा जोड बघा. ट्रिम ठीक असूनही क्रूझला लॅम्डा ०.९५ दिसला, तर ट्यूनरने नको तिथे हात घातला आहे. मग फाइल परत पाठवा आणि मूळ पार्ट-लोड टेबल (ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असतानाचा मॅपचा भाग) मागा. लॉग इथे टाकलात तर त्यावर पुढे बोलू.