कॉर्डिसेप्सच्या पाकिटाबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॉर्डिसेप्स या औषध म्हणून घेतल्या जाणाऱ्या बुरशीचे आपले पाकीट आठ दिवस उशिरा पोहोचले, याबद्दल क्षमस्व. ही बुरशी आम्ही घरीच बरण्यांत वाढवतो. आषाढातल्या पावसात आमच्या लांज्याकडच्या गावी सलग दोन रात्री वीज नव्हती, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, आणि 18 ते 22 अंश लागणारी खोली 29 वर गेल्याने बरण्यांची एक अख्खी फळी नको ती हिरवी बुरशी धरून वाया गेली. उशीर आमचाच.

परंतु ‘शाकाहारी माणसाला फसवून श्रावणात किडे खाऊ घातले’ हे आपले वाक्य फार लागले. त्या महिन्यात आमच्या घरीही मासळी शिजत नाही. आम्ही दोन प्रकारच्या बरण्या लावतो: एकीत ब्राउन राइस आणि यीस्टचा अर्क, दुसरीत त्याच तांदळात रेशीमकिड्याच्या प्युपाची, म्हणजे कोशातल्या किड्याची, पूड. दोन्ही 121 अंशांवर निर्जंतुक करून, त्यांत कॉर्डिसेप्स लावून, आधी अंधारात आणि मग रोज 12 तास उजेडात ठेवून, साधारण दोन महिन्यांनी आलेले नारिंगी तुरे आम्ही कात्रीने वरच्या वर कापतो. खालचा थर पाकिटात जात नाही. तरीही बुरशीने त्या पुडीवरच पोषण घेतलेले असते, म्हणून पाकिटावर ‘रेशीम’ असे छापलेले आहे. शिवाय आपण फोन केलात तेव्हा माझ्या पत्नीने ‘तुम्ही शाकाहारी आहात का?’ असे स्पष्ट विचारले होते, आणि आपण म्हणालात, “औषधाला सगळं चालतं, द्या ते रेशमाचं.” तो फोन आषाढातला होता. पाकीट श्रावणात आले हा दोष आमचा. निवड मात्र आपली होती.

हिमालयात मिळणाऱ्या कीडाजडी या बुरशीशीही आपण तुलना केलीत. ती जात वेगळी, आणि तिच्यात तर अख्खी अळीच असते. आमची कॉर्डिसेप्स मिलिटारिस आहे आणि ती आम्ही कधीही हिमालयातली म्हणून विकलेली नाही. 10 ग्रॅमचे 650 रुपये जास्त वाटत असतील, तर कधी येऊन आमचे वीजबिल पाहावे.

रेशमाच्या पाकिटाचा रंग वेगळा करण्याचा विचार चालू आहे, विजेचेही काहीतरी करू. पाकीट उघडले नसल्यास परत पाठवावे, तांदळावरचे आमच्या खर्चाने पाठवतो. अभिप्राय काढून टाका असे म्हणणार नाही. फक्त फोनवरचे ते बोलणेही त्यात लिहावे, एवढी विनंती.