सोमवारी शंकर बंद असतो म्हणे

डोकं फिरलंय माझं, लिहूनच टाकते म्हणजे रात्री झोप तरी लागेल.

आईला घारापुरीला, म्हणजे एलिफंटाची लेणी बघायला न्यायचं होतं. लग्न होऊन मुंबईत आली त्याला चाळीस वर्षं झाली, गावाकडचे पाहुणे आले की त्यांना गेटवे दाखवायला हीच जाते, पण लाँचमध्ये कधी पाय ठेवला नव्हता. सोमवारचा उपास करते, म्हणून म्हटलं सोमवारीच जाऊ. बॉसच्या मागे लागून रजा घेतली आणि आदल्या रात्री शेजारच्या काकू सांगतात, अगं सोमवारी लेणी बंद असतात. शंकराची लेणी, आणि सोमवारी बंद!! आठवड्यात सात वार आहेत हो, सुट्टीसाठी नेमका महादेवाचाच वार सापडला? आईला सांगितलं तर तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

मग काय, रविवार. मेगाब्लॉक लागायच्या आत सीएसएमटी गाठायचं म्हणून डोंबिवलीहून सहाला निघालो, सव्वानऊला लाँचमध्ये बसलोसुद्धा. आणि बसूनच राहिलो. लाँच काही हलेना. विचारलं तर "भरली की सुटेल". अहो पण कधी भरेल? "भरली की." डिझेलच्या वासात पाऊण तास काढला, आई बिचारी नाकाला पदर लावून बसलेली, शेवटी दहाला दोरी सुटली. वर हवा बरी म्हणून जिना चढून तिला वरच्या डेकवर नेलं तर लगेच एक पोरगा हजर, वर बसायचे दहा-दहा रुपये. दहा रुपयांनी मी भिकेला लागत नाही, पण मग तिकिटातच लावा ना! माणूस समुद्रात आल्यावर कशाला मागता, तिथून काय तो उतरून जाणार आहे?

लाइफ जॅकेटचं तर विचारूच नका. 18 डिसेंबर 2024 ला याच वाटेवर केवढा मोठा अपघात झाला, माणसं गेली, तेव्हापासून जॅकेट घाला म्हणून सांगतात. चांगलंच आहे. पण आईला जे दिलं त्याचा एक पट्टा तुटलेला, तिथे सुतळी बांधलेली. सुतळी! मी दुसरं मागितलं तर म्हणे सगळी सारखीच आहेत. आणि पब्लिक तरी काय, गेटवे मागे पडला नाही तोच अर्ध्यांनी जॅकेट काढून बुडाखाली घेतली आणि सीगलना वेफर्स चारायला सुरुवात, रील काढायचं असतं ना, आणि पाकीट रिकामं झालं की सरळ पाण्यात. एकाला बोलले तर माझ्याकडे असा बघतो जशी मीच वेडी.

तासाभराने बेट आलं. तिथला धक्का लांबलचक, कारण ओहोटीला किनाऱ्याशी नुसता चिखल असतो. म्हणून टॉय ट्रेन. तिची वेगळी लाइन, वेगळं तिकीट. पुढे ग्रामपंचायतीचा कर, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या बेटावर वीज यायला 2018 साल उजाडलं, तीही समुद्राखालून केबल टाकून, तेव्हा गावाला चार पैसे मिळालेच पाहिजेत. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, दगडी हत्ती, काकडी, चिंबोरीसारखं तिरकं चालल्याशिवाय वर जाताच येत नाही. डोलीवाल्यांनी आईचे गुडघे लांबूनच ओळखले आणि बाराशे सांगितले. आई म्हणाली, बाराशेत मी स्वतःच तुला उचलून नेईन. थांबत थांबत चढली. वर परत रांग, लेण्यांचं तिकीट 40 रुपये. हे सगळं एकदाच, गेटवेलाच, एका पाटीवर लिहून ठेवलं तर कोणाचं काय जाईल?

आता खरं सांगते, आत गेल्यावर मी गप्प झाले. चार दारांचा गाभारा, प्रत्येक दाराशी माणसाच्या दुप्पट उंचीचे द्वारपाल, मध्ये पिंड. आईने बाहेरच चप्पल काढली. बाकी सगळे बुटांत. पिशवीतून बेल काढला तर तिथला माणूस म्हणाला, इथे वाहायला परवानगी नाही. आई भांडली नाही, पानं परत पिशवीत ठेवली, अर्धी प्रदक्षिणा घातली, शंकराला अर्धीच घालतात म्हणून. मग त्या मोठ्या त्रिमूर्तीसमोर उभी राहिली आणि हळूच विचारते, "दत्त का गं?" बाजूचा गाइड ठोकून सांगत होता ब्रह्मा-विष्णू-महेश. अरे बाबा, तिन्ही तोंडं शिवाचीच आहेत, अघोर, तत्पुरुष, वामदेव, तुला पैसे कशाचे देतात लोक? हे बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मागून "मॅडम जरा साइड, फोटो". वीस मिनिटं. पहाटे पाचला उठून वीस मिनिटं मिळाली, कारण खाली परतीची रांग रुळांच्या कडेने अर्ध्या धक्क्यापर्यंत आलीय असं कोणीतरी सांगत आलं.

आणि खरंच आली होती. दीड तास उन्हात. डोक्यावर पत्रा नाही, बसायला बाकडं नाही, आईची काकडी माकडाने नेली ती वेगळीच. कोणती लाँच कधी सुटणार ते सांगायला एक माणूस नाही, आली की सगळे धावतात, म्हाताऱ्यांनी काय करायचं? परत येताना आईने ती बेलाची पानं हळूच पाण्यात सोडली.

पण कळस गेटवेला झाला. धक्क्याला जागा नाही म्हणून समोर ताज बघत वीस मिनिटं गोल फिरलो, आणि मग आमची लाँच धक्क्याला न लावता दुसऱ्या दोन लाँचच्या पलीकडे लावली. म्हणजे आमच्यातून तिच्यात, तिच्यातून पुढचीत, मग शेवाळलेल्या पायऱ्या. सगळं हलतंय, मधली फट उघडतेय, मिटतेय, खाली काळं पाणी. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले, नऊवारी नाही एवढंच नशीब. एका खलाशाने हात पुढे केला, "आजी, मारा उडी!" उडी! मी किंचाळले, तो हसला, आणि आईने साडी खोचून खरंच मारली.

टॅक्सीत मी अख्खा वेळ त्या लोकांना शिव्या घालत होते, आई खिडकीबाहेर बघत गप्प. डोंबिवली लोकलमध्ये जागा मिळाली, माटुंगा गेलं, कुर्ला गेलं, तरी गप्प. मला वाटलं दमली, किंवा घाबरली असेल. ठाणे आल्यावर बोलली.

"केस बघितलेस त्याचे? सगळे पांढरे. आणि मला आजी म्हणतो मेला."