लकव्यानंतर ‘कोलेस्टेरॉल वाढू द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलाय, लकव्यानंतर कोलेस्टेरॉल जास्त असणारे लवकर सुधारतात, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) बंद करा आणि म्हशीचं दूध-तूप सुरू करा.

मेंदूत कोलेस्टेरॉल भरपूर असतं, शरीरातल्या एकूण साठ्याचा सुमारे पाचवा हिस्सा. पण ते मेंदू स्वतःच तयार करतो. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मेंदूच्या पेशींपर्यंत पोचतच नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीच्या धारोष्ण दुधाचा 300 मिलीचा पेला रिचवला तर साधारण 20 ग्रॅम फॅट पोटात जातं. त्यानं मेंदूची डागडुजी होत नाही.

‘जास्तवाले लवकर सुधारतात’ हे काही निरीक्षणांत दिसतं खरं. मात्र लकव्याच्या झटक्यानंतर काही दिवसांत एलडीएल आपसूक उतरतं, आणि आधीच खंगलेल्या माणसाचं ते मुळातच कमी असतं. म्हणजे कमी आकडा हे आजारपणाचं लक्षण, कारण नव्हे. हात किती उठेल हे मेंदूला इजा कुठे आणि किती झाली, फिजिओथेरपी किती नेटानं चालली यावर ठरतं. लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) बघायचं ते दुसरा झटका टाळायला.

सगळ्यात घातक सल्ला गोळी बंद करण्याचा. समजा रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल 180, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 40, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) 150. छापील मर्यादा 200, म्हणून घरचे खूश. आता 180 मधून 40 वजा करा, मग 150 चा पाचवा भाग, म्हणजे 30. एलडीएल उरलं 110. (ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे गणित चुकतं, डायरेक्ट एलडीएल करून घ्या.) रक्तवाहिनीत चरबीचा थर साचून झटका आलेल्याला ते 70 च्या खाली लागतं. 2020 च्या ‘ट्रीट स्ट्रोक टू टार्गेट’ चाचणीत 70 खालचं लक्ष्य ठेवलेल्या गटात पुन्हा झटका, हार्ट अटॅक किंवा तशा गंभीर घटना 8.5 टक्के रुग्णांत घडल्या; 90 ते 110 च्या गटात 10.9 टक्के. शिवाय आकडा उतरला तो गोळीमुळेच. सोडली की काही आठवड्यांत परत वर.

मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. 2006 च्या स्पार्कल चाचणीत एटोर्वास्टॅटिन 80 मिलिग्रॅमनं एकूण झटके घटले, पण रक्तस्रावाचे झटके औषध नसलेल्या गोळीच्या गटात 33, तर या गटात 55 झाले. अशा रुग्णाचं स्टॅटिन न्यूरॉलॉजिस्टच ठरवेल. गोळीनं अंग दुखतंय म्हणूनही परस्पर थांबवू नका: डॉक्टर सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) तपासतात, डोस उतरवतात, एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध 10 मिलिग्रॅम जोडतात, आणि 4 ते 12 आठवड्यांनी लिपिड पुन्हा बघतात.