नुसतं बिल द्या

आधी कबुली देतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. गेल्या सात-आठ वर्षांत मी न विकलेल्या सायकलींची बिलं दिली आहेत. किती ते मोजलेलं नाही, पण वीसच्या वर नक्की. एकाही बिलामागे वरचे पैसे घेतले नाहीत, तरी खोटं ते खोटंच. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे विक्रीवर ठरलेला टक्का भरणाऱ्या छोट्या दुकानदारांत, असल्यामुळे त्या न विकलेल्या सायकलींवरचा एक टक्का मात्र इमानेइतबारे भरला. प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

तालुक्याच्या गावी आमचं सायकलचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. मराठवाड्यातला तालुका, मानव विकासच्या यादीतला. पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे नाव ठाऊक नसतं म्हणून सांगतो. मानव विकास कार्यक्रम राज्य सरकारने 2006 साली 25 मागास तालुक्यांत सुरू केला आणि 2011 मध्ये 125 तालुक्यांत नेला. ग्रामीण भागात शाळेच्या मुलींना घेऊन जाणाऱ्या निळ्या एसटी गाड्या दिसतात ना, त्या यातल्याच. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल, हीसुद्धा यातलीच योजना. सायकल म्हणजे पैसे. आधी 3000 होते, मग 3500 झाले, फेब्रुवारी 2022 पासून 5000. त्यातले 3500 अगोदर खात्यावर येतात आणि सायकल घेऊन बिल जमा केलं की राहिलेले 1500.

योजना चांगली आहे. सायकलवाला म्हणून बोलत नाही. 2021-22 ला एसटीचा संप पाच-साडेपाच महिने चालला, तेव्हा दुकानात जे पाहिलं त्यावरून बोलतोय. आजोबांच्या काळातल्या, गोठ्यात आडव्या पडलेल्या, टायरच्या जागी नुसती रिम उरलेल्या सायकली लोक खांद्यावर टाकून आणायचे आणि म्हणायचे, 'पोरगी दहावीला आहे, काहीही करा पण चालती करा.' त्या महिन्यांत मी जेवढे फ्रीव्हील बदलले तेवढे त्याआधीच्या दोन वर्षांत बदलले नव्हते. सायकल चालती झाली तर पोरगी शाळेत, नाही तर घरी, आणि घरी बसलेल्या पोरीला पाहुणे बघायला यायला वेळ लागत नाही.

बिहारचं उदाहरण तर अभ्यासकांनी मोजूनच दाखवलंय. तिथे 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी 2000 रुपये द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून हिशेब मांडला, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेलं निघालं. आणि हे बिहारमध्ये, ज्याच्या नावाने आपण नाकं मुरडतो! मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. सरकारी शाळेत नववीत आहेस? घे पैसे. यादीत नाव लावण्यासाठी कुणाच्या मागे फिरायला नको. आपल्याकडे 'गरजू' हा शब्द घातला की तो कोण ठरवणार, इथून खेळ सुरू होतो. शिवाय तालुक्याची शीव ओलांडली की पलीकडची तितकीच गरीब पोरगी बाद. माझ्या दुकानापासून अकरा किलोमीटरवर दुसरा तालुका लागतो. तिकडचे लोक विचारतात, 'आमच्या पोरींच्या शाळा काय दारात आहेत का?' काय सांगणार त्यांना?

आता बिलाचं.

पहिलं खोटं बिल मी कसं दिलं ते सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. शाळेपासून चार किलोमीटरवरच्या वाडीतला एक शेतकरी. आमचा जुना गिऱ्हाईक, मी त्यांना मामा म्हणतो. पोरगी आठवीत गेली म्हणून जूनमध्येच माझ्याकडून नवी लेडीज सायकल घेऊन गेले. निम्मे पैसे रोख, निम्मे सोयाबीन आल्यावर. 'सरकारचे पैसे येणारच आहेत,' म्हणाले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, सोयाबीन विकून माझी उधारीही फिटली. सरकारचे पैसे आले फेब्रुवारीत. मामा जूनचं बिल घेऊन शाळेत गेले. तिथे सांगितलं, 'हे चालणार नाही. पैसे जमा झाल्यानंतरच्या तारखेचं बिल पाहिजे. आणि मुलीचा नव्या सायकलसोबत फोटो.'

आठ महिने रोज आठ किलोमीटर चाललेली सायकल नवी कुठून दिसणार? मडगार्ड एका बाजूने फाटलेलं, सीटवर आईच्या जुन्या साडीचं कव्हर, कॅरिअरला दप्तर बांधायची सुतळी. मामा पोरीला घेऊन दुकानात आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'भाऊ, नुसतं बिल देता का?'

दिलं. फेब्रुवारीची तारीख टाकून दिलं. दाराशी एक लाल सायकल उभी असते, हँडलला प्लास्टिक तसंच ठेवलेली. तिच्याजवळ पोरगी उभी राहिली, मामांनी मोबाईलवर फोटो काढला. पोरगी फोटोत हसलेली नाही. तिची स्वतःची सायकल बाजूलाच स्टँडला लावलेली होती आणि ती तिच्याकडेच बघत होती.

सायकल खरी होती, शाळा खरी होती, पोरगी रोज जात होती. खोटं फक्त बिल आणि फोटो, म्हणजे फायलीत जे जातं तेवढंच.

त्यानंतर लोकांना कळलं की इथे बिल मिळतं. काही मामांसारखे आले. काही असेही आले की ज्यांनी सायकल घेतलीच नव्हती. एकाचे 3500 पोरीच्याच आजारपणात गेले होते. एकाने सरळ सांगितलं, 'बी-बियाण्याला लागले.' एका माणसाच्या तोंडाला वास येत होता, त्याला मी हाकललं. पण हाकलायचं कुणाला आणि बिल द्यायचं कुणाला, हे दुकानदाराने तोंड बघून ठरवावं, ही कुठली व्यवस्था? ती लाल सायकल किती फायलींमध्ये, किती पोरींच्या शेजारी उभी आहे, देव जाणे. सायकल अजून दुकानातच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. या सगळ्या व्यवहारात पावती एकाच दिशेने जाते, खालून वर. पोरीने बोनाफाईड द्यायचं, आधारची झेरॉक्स, पासबुकची झेरॉक्स, हमीपत्र, बिल, फोटो. वरून खाली काय येतं? पासबुकात इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक आगगाडी. कुठल्या योजनेचे पैसे आहेत हेही त्यातून बापाला कळत नाही. मामांना वाटलं होतं की पीकविमा आला. आठ महिने उशीर का झाला, कुणाच्या टेबलावर झाला, हे सांगणारं कागदाचं चिटोरंसुद्धा नाही. पोरीचं बिल एका तारखेने चुकलं तर 1500 अडकतात. सरकारची तारीख आठ महिन्यांनी चुकली तर काय अडकतं?

आणि उशीर होणारच, यंत्रणा मोठी आहे, वेळ लागतो, हे मला सांगू नका. 2024 मध्ये 28 जूनला अर्थसंकल्पात लाडकी बहीण जाहीर झाली आणि 15 ऑगस्टच्या सुमारास दोन महिन्यांचे मिळून 3000 रुपये बायांच्या खात्यांवर पडायला लागले. सात आठवडे! एक कोटीच्या वर खाती! माझ्या बायकोलाही मिळाले, खोटं कशाला बोलू. तेव्हा आधार लिंक नव्हतं तर ते करून घ्यायला माणसं दारात आली. मग निवडणूक झाली आणि पडताळणी सुरू झाली, कोण पात्र, कोण अपात्र. म्हणजे मनात आलं की सात आठवड्यांत होतं. सायकलवाल्या पोरीला मत नसतं, एवढाच फरक.

वडिलांसमोर असं बोललो की ते म्हणतात, तू आधीचं पाहिलं नाहीस. खरंय. पैसे खात्यात जाण्याआधी जिल्हा परिषदांकडून सायकलीच मिळायच्या, टेंडर काढून. शिलाई मशीन, ताडपत्री, सायकल, सगळा माल वाटपाचा. वाटप झालं की महिन्याभरात त्या सायकली आमच्याकडे यायच्या. बेअरिंगला ग्रीस नाही, छर्रे मोजून कमी, चाकाचा आऊट काढायला जावं तर तारा हातात येतात. 'झेडपीची सायकल' असा वेगळा रेटच होता वडिलांचा, कारण ती दुरुस्त करायची म्हणजे नव्याने बांधायचीच. 5 डिसेंबर 2016 ला शासन निर्णय निघाला की वस्तूंऐवजी पैसे थेट खात्यात द्या. त्याने ठेकेदाराचा मधला वाटा गेला, हे मान्य करायलाच पाहिजे. पण बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ असा निघाला की लाभार्थ्याने आधी स्वतःच्या पैशाने वस्तू घ्यायची, बिल द्यायचं, मग अनुदान. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे नाहीत त्याच्यासाठीच तर योजना आहे ना? मानव विकासमध्ये निदान 3500 आगाऊ येतात, तेवढी समज कुणीतरी दाखवली. फक्त ते आगाऊ पैसे जूनमध्ये यायला हवेत. फेब्रुवारीत आलेल्याला आगाऊ म्हणत नाहीत.

(जाता जाता: 22 सप्टेंबर 2025 च्या आधी सायकलवर 12 टक्के जीएसटी होता, आता 5 आहे. म्हणजे इतकी वर्षं सरकार पोरीला 5000 देत होतं आणि तिने त्याची सायकल घेतली की त्यातले पाचशेच्या वर परत घेत होतं. साधी, बिनगिअरची लेडीज सायकल फिटिंगसकट 5000 मध्ये बसत नाही, ते वेगळंच.)

तर मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. आपल्या राज्यात अर्ज 150 शब्दांत बसवावा लागतो आणि विषय एकच पाहिजे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मी विचारलं की आमच्या तालुक्यात गेल्या तीन शैक्षणिक वर्षांत शाळानिहाय किती मुलींना सायकलचे पैसे दिले, शाळेची यादी कोणत्या तारखेला मिळाली आणि पैसे कोणत्या तारखेला जमा झाले. मुलींची नावं मुद्दाम मागितली नाहीत. अल्पवयीन पोरींची नावं माझ्या हातात कशाला? मला तारखा हव्या होत्या.

खरं तर अर्ज करायची वेळच येऊ नये. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली, लाभ कुणाला मिळाला, हे कार्यालयाने कुणी न मागता आपणहून जाहीर करायचं, असं कायद्याच्या कलम 4 मध्ये 2005 पासून लिहिलेलं आहे. फळ्यावर खडूने लिहिलं तरी चालेल.

उत्तर आलं, तिसाव्या दिवशी. 'सदर माहिती शाळा स्तरावर उपलब्ध आहे.' शाळेत गेलो. 'आमच्याकडे यादीची प्रत आहे, पैशाच्या तारखा वरिष्ठ कार्यालयाकडे.' माहिती दुसऱ्याकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत त्यांनीच तिकडे पाठवायचा असतो, हे मी अपिलात लिहिलं. अपिलाचा स्टॅम्प वीस रुपयांचा. त्यावर अजून सुनावणी नाही.

मग एका मित्राने सांगितलं की सोमवारी जा. हे मलाही नवीन होतं. 26 नोव्हेंबर 2018 चा शासन निर्णय आहे, की जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत.

गेल्या सोमवारी दुकान भाच्यावर सोपवून जिल्ह्याला गेलो. पावणेतीनला पोचलो, साडेतीनला साहेब आले, चारला फाईल आली. लाल फितीत बांधलेली, जाडजूड. वागणूक चांगली होती, चहासुद्धा पाजला. मी पानं उलटायला लागलो. याद्या, हमीपत्रं, बिलं, फोटो चिकटवलेले कागद. चाळीसेक पानांनंतर लाल सायकल दिसली. पोरगी वेगळी, सायकल तीच. आणखी काही पानं गेली, परत लाल सायकल. एका फोटोत माझ्या दुकानाच्या पाटीचा अर्धा भागही आलाय.

पैसे कधी सुटले, कधी जमा झाले, तो कागद त्या फाईलमध्ये नव्हता. लिपिक म्हणाले, तो लेखा शाखेत असेल. मग त्यांनी माझ्याकडचं फाईलचं पान स्वतःकडे वळवलं, बिलावरचं नाव वाचलं, माझ्या अर्जावरचं नाव वाचलं आणि विचारलं, 'हे दुकान तुमचंच ना?'

म्हटलं, 'हो, माझंच.'

'मग तुम्हाला कशाला पाहिजेत तारखा?'

मी म्हटलं, 'बिलावर मला ज्या टाकाव्या लागल्या, त्यांच्याशी ताडून बघायच्यात.'

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. फाईलची फीत बांधता बांधता म्हणाले, लेखा शाखेला सांगून ठेवतो, पुढच्या सोमवारी या.