निर्धास्तपणे पार्सल कसे पाठवावे

ऑनलाइन विक्रीत नव्याने उतरणाऱ्याने खात्यात जमा झालेले पैसे आपलेच आहेत, असे मानण्याची घाई करू नये. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेवर तक्रार नोंदवण्यासाठी खरेदीदाराला पैसे भरल्यापासून १८० दिवसांची मुदत असते. तोवर त्या रकमेकडे अधूनमधून प्रेमाने पाहावे. हात लावू नये.

पॅकिंग करताना संपूर्ण चित्रफीत काढावी. तीत वस्तूचा अनुक्रमांक दिसावा, वजनकाट्यावरचा आकडा दिसावा, चिकटपट्टीचे टोक दाबणारा आपला अंगठाही दिसावा. आणि कात्री शोधायला मध्येच उठण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण तेवढ्या अर्ध्या मिनिटात आपण वस्तू काढून आत वीट ठेवली नाही, हे पुढे सिद्ध करणे जड जाते.

ट्रॅकिंग क्रमांकावर पूर्ण श्रद्धा असावी. आंतरराष्ट्रीय टपालाच्या या क्रमांकात पुढे दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे असतात. त्या नऊपैकी शेवटचा अंक केवळ आधीचे आठ बरोबर लिहिले आहेत ना, हे तपासण्यासाठी असतो. आकडा चुकू नये म्हणून घेतलेली ही काळजी पाहून ऊर भरून येतो. पार्सल चुकू नये म्हणून असा एखादा अंक कोणी शोधलेला नाही, ही बाब गौण समजावी.

यथावकाश ‘डिलिव्हर्ड’ असा शेरा उमटला की ‘पार्सल मिळालेच नाही’ या तक्रारीला आपल्याकडे उत्तर असते. म्हणूनच जाणते खरेदीदार तसे म्हणत नाहीत. ते ‘मिळाले, पण वर्णनाप्रमाणे नाही’ असे म्हणतात. पेपालचे विक्रेता-संरक्षण या दुसऱ्या तक्रारीला लागूच होत नाही, आणि आपण जिवापाड जपलेली पोच तर वस्तू त्यांच्या हाती पडली एवढेच त्यांच्या वतीने शाबीत करून देते. मात्र हीच पोच परतीच्या प्रवासात सर्वशक्तिमान होते: परत आलेल्या डब्यात आपली वस्तू असो, दुसऱ्याच कोणाची जुनी असो वा नुसता चुरगळलेला कागद असो, डबा पोहोचला म्हणजे रिफंड देणे आले. डबा उघडण्यापूर्वी पुन्हा चित्रफीत काढावी, हे सांगणे नलगे.

लुबाडणारे विक्रेते असतात आणि त्यांच्यामुळेच खरेदीदारांना ही संरक्षणे मिळाली, हे न्याय्यच आहे. गंमत एवढीच की खोटा ट्रॅकिंग क्रमांक देणारा ठक दुकान गुंडाळून पसार होतो आणि नियम जो जागेवर सापडतो त्याला लागतात.

खरेदीदाराविषयी मनात काही आल्यास ते मनातच ठेवावे. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने २००८ सालापासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल प्रतिकूल अभिप्राय देण्याची मुभाच ठेवलेली नाही. त्यामुळे स्तुती करावी की मौन पाळावे, एवढाच पेच उरतो.

समजा, निकाल आपल्या बाजूने लागलाच, तरी हुरळून जाऊ नये. कार्डाने पैसे भरलेला खरेदीदार आपल्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेली रक्कम बँकेमार्फत परत, मागू शकतो; मग तीच चित्रफीत, तोच क्रमांक आणि तीच पोच घेऊन आपण नव्या खिडकीशी उभे राहावे. तिथल्या अर्जात ‘वस्तू सध्या कोठे आहे’ असा रकाना असलाच, तर तो प्रामाणिकपणे भरावा: ‘खरेदीदाराकडे, पैसेही तिकडेच निघाले आहेत.’